नाडीचे ठोके आणि अन्नाची बाधा : स्मार्टफोनवरील एका परीक्षेचे मोल

एखादा अन्नपदार्थ आपल्याला बाधतो काय, याचा शोध स्मार्टफोनच्या साह्याने घेण्याची सोय आता झाली आहे. काही ॲपमध्ये जेवणापूर्वी व जेवणानंतर नाडीचे ठोके मोजले जातात आणि त्यांत वाढ आढळल्यास त्या पदार्थाविषयी संशय व्यक्त केला जातो. साधन नवे, कल्पना मात्र जुनी. आर्थर कोका यांनी ती १९५६ साली ‘द पल्स टेस्ट’ या पुस्तकात मांडली. १९१६ साली निघालेल्या ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’चे आद्य संपादक आणि १९२३ साली रॉबर्ट कुक यांच्यासह ‘ॲटोपी’ ही संज्ञा सुचविणारे ते हेच कोका. सबब ही कल्पना कोणा भोंदूची म्हणून उडवून लावता येत नाही.

मापनापुरता फोनला फारसा दोष देता येणार नाही. बोटाचे टोक कॅमेऱ्याच्या भिंगावर टेकवून दिवा लावला, म्हणजे प्रत्येक ठोक्यागणिक बोटात येणारे रक्त अधिक प्रकाश शोषते व चित्राच्या उजळपणात सूक्ष्म चढउतार होतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके मोजण्यास सेकंदाला ३० चित्रे टिपणारा कॅमेराही पुरतो.

अडचण आहे ती अनुमानात. जेवणानंतर पचनेंद्रियांकडे अधिक रक्त वळते आणि निरोगी माणसाच्याही हृदयाची गती वाढते. कडक चहाने, जिना चढल्याने, किंबहुना परीक्षेच्या धास्तीनेही ती वाढते. उलटपक्षी, दुधाने ज्याचे पोट फुगते त्याच्या ठायी लॅक्टेज या विकराची उणीव असते. ती ओळखण्यास नाडीचा काहीच उपयोग नाही. नाडीपरीक्षेची परंपरा असलेल्या आपल्या समाजात अशा ॲपवर चटकन विश्वास बसावा हे स्वाभाविक असले, तरी त्यावर विसंबून लहान मुलाचे दूध तोडणे अनुचित होय.

आहार व लक्षणे यांची रोजनिशी ठेवणारी ॲप त्या मानाने उपयुक्त आहेत. तथापि नोंद पदार्थाची होते, घटकांची नव्हे. रोजनिशीत ‘वरण’ एवढेच लिहिले जाते. परंतु बाजारातील हिंगपुडीत पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते आणि सीलिॲक विकाराच्या रुग्णास ते अपाय करते.

शिवाय अमुक पदार्थ बाधतो या समजुतीनेच लक्षणे उद्भवू शकतात. म्हणूनच चार्ल्स मे यांनी दम्याच्या मुलांवरील आपल्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशयित अन्न अपारदर्शक कॅप्सूलमधून दिले. कोणत्या कॅप्सूलमध्ये काय आहे, हे मुलांना ठाऊक नव्हते आणि निरीक्षकांनाही नव्हते. पूर्वी सांगितलेली बाधा पुष्कळ मुलांत दिसून आली नाही. आजही निर्णायक परीक्षा हीच मानली जाते, आणि कोणत्याही ॲपला ती एकट्याने घेता येत नाही. एखाद्या पदार्थाने ज्याचे ओठ पूर्वी सुजले किंवा श्वास कोंडला, त्याने तो घरी फोन हाती धरून पुन्हा चाखून पाहणे तर जिवावर बेतू शकते; अशी परीक्षा ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून वैद्यकीय देखरेखीखालीच घेतली जाते.