‘फार गरीब पोर आहे!’

आपल्या मराठीत ‘गरीब’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ज्याच्याकडे पैसा नाही तो गरीब. आणि जो कुणाला त्रास देत नाही, वर मान करून बोलत नाही, तोही गरीब. गाय गरीब असते, नवी सून गरीब असते, तसं एखादं तान्हं मूलही गरीब असतं. ‘फार गरीब पोर आहे हो, रडत नाही की काही मागत नाही,’ असं आपण कौतुकानं म्हणतो. हे दोन अर्थ वाटतात तितके एकमेकांपासून लांब नाहीत, हे कळायला मला मात्र पन्नाशी उलटावी लागली.

१९७२ च्या दुष्काळात मी तीन वर्षांचा होतो. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण जन्मली. घरात सगळे तिला छोटीच म्हणत. ती चाळीस दिवसांची झाली आणि अम्मा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मी घरी दादीजवळ, आणि छोटी कामावर, बाभळीला बांधलेल्या झोळीत. मला यातलं काही आठवत नाही. दादीनं पुढे सांगितलेलं तेवढं ठाऊक आहे. रेशनवर लाल मिलो मिळे, कामावर सुकडी मिळे. अम्माच्या अंगावर दूध पुरेसं येत नव्हतं. छोटी झोळीत पडून आभाळाकडे बघत राही. कामावरच्या बाया म्हणत, ‘फार गरीब पोर आहे हो तुझी.’

छोटी उशिरा चालली, अडीच वर्षांनंतर बोलली. शाळेत गेली तेव्हा गुरुजींनी तिला मागच्या ओळीत बसवलं आणि तिचं नाव ‘मठ्ठ’ पडलं. घरी मीही तिला त्याच नावानं चिडवायचो. चौथीत तिची शाळा सुटली. मी पुढे बी. ए. झालो, कविता लिहू लागलो. एकाच आईची, एकाच घरातली दोन मुलं. आम्हा सगळ्यांना वाटायचं, अल्लानं एकाला डोकं दिलं, दुसरीला दिलं नाही.

काही वर्षांपूर्वी ईदला ती माहेरी आली होती. कुठून तरी शाळेचा विषय निघाला आणि ती एकदम म्हणाली, ‘भाई, मैं सच्ची में मठ्ठ थी क्या?’ मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी जे वाचलं, ज्या डॉक्टर मित्रांना आणि अंगणवाडीताईंना विचारत फिरलो, त्याचं सार म्हणजे आजचं हे बोलणं.

आधी मेंदूचं पाहू. मूल जन्मतं तेव्हा त्याच्या मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्त असतं. दोन वर्षांत ते पाऊण हिश्श्यापर्यंत जातं. तान्हं बाळ शांत पडलेलं असतानाही त्याच्या शरीरात खर्च होणाऱ्या शक्तीतला निम्म्याहून अधिक वाटा एकटा मेंदू घेतो. म्हणून गर्भारपणाचे नऊ महिने आणि जन्मानंतरची दोन वर्षं, असे मिळून पहिले हजार दिवस फार मोलाचे मानले जातात. या काळात लोह, आयोडीन, प्रथिनं आणि पोटभर अन्न यांची वाण पडली, तर नुकसान नुसतं वजनकाट्यावर दिसत नाही. ते बोलण्यात, समजण्यात आणि शिकण्यातही उतरतं.

आता आपल्याकडे परिस्थिती काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं उंचीला कमी आढळली. देशभरात सहा महिने ते पाच वर्षांच्या दर तीन मुलांपैकी दोघांच्या अंगात रक्त कमी होतं. आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या वयात पुरेसा आहार मिळणारी मुलं होती जेमतेम ११ टक्के.

हे सगळं केवळ धान्य नसल्यामुळे होतं असंही नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूधच पुरतं. त्यानंतर दुधाबरोबर वरचं अन्न लागतं आणि तिथेच बहुतेक घरं चुकतात. आपण बाळाला वरणाचं पाणी देतो, पातळ पेज देतो. वरणाचा जीव वरच्या पाण्यात नसतो, तळाच्या डाळीत असतो. बाळाचं पोट एवढंसं, वाटीभर पाण्यानं ते फुगतं आणि मेंदू उपाशीच राहतो. त्यापेक्षा चमच्यातून ओघळणार नाही इतकी घट्ट डाळ, त्यात कुस्करलेली भाकरी, वर चमचाभर तेल किंवा शेंगदाण्याचा कूट, आठवड्यातून काही वेळा अंडं हे केव्हाही चांगलं. चहात बुडवलेलं बिस्कीट स्वस्त पडतं, पण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. शिवाय पाणी खराब असलं, हात धुतलेले नसले, तर महिनाभराचं खाणं चार दिवसांच्या जुलाबात निघून जातं.

पण अन्न ही निम्मीच गोष्ट झाली. उरलेली निम्मी मला फार उशिरा समजली. भुकेलं मूल रडतं, हे पहिल्या दिवसाचं. रोजच भुकेलं असलेलं मूल रडत नाही. ते आपली शक्ती राखून ठेवतं. रांगत लांब जात नाही, वस्तू ओढत नाही, बोट दाखवत नाही, ‘हे काय’ असा आवाज काढत नाही. आणि मूल मागत नाही म्हणून मोठी माणसंही त्याच्याशी बोलत नाहीत. दमूनभागून आलेल्या आईला तर ते बरंच वाटतं. त्यानं विचारायचं नाही, आपण सांगायचं नाही. असं भुकेनं गप्प झालेलं मूल घराच्या मुकेपणात आणखी गप्प होतं. त्यालाच आपण म्हणतो, ‘गरीब पोर आहे.’

ही दोन्ही टोकं जगात दोन ठिकाणी फार काळजीपूर्वक तपासली गेली आहेत. पहिलं ठिकाण मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालामधली चार खेडी. १९६९ ते १९७७ या काळात त्यांतल्या दोन खेड्यांत आटोले नावाचं प्रथिनयुक्त पेय रोज वाटलं गेलं, उरलेल्या दोन खेड्यांत प्रथिनं नसलेलं गोड पेय. ती मुलं मोठी होऊन कमावती झाल्यावर पुन्हा पाहणी झाली. ज्या पुरुषांना वयाच्या पहिल्या दोन वर्षांत आटोले मिळालं होतं, त्यांची तासाची कमाई दुसऱ्या खेड्यांतल्या पुरुषांपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. लहानपणीचा वाटीभर आहार तीस वर्षांनी पगारात दिसला.

दुसरं ठिकाण जमैकातलं किंग्स्टन शहर. तिथल्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रॅंथम-मॅकग्रेगर या डॉक्टर बाईंनी १९८० च्या दशकात नऊ ते चोवीस महिन्यांची, उंची खुंटलेली १२९ मुलं निवडली आणि त्यांचे चार गट केले. एका गटाला आठवड्याला एक किलो दुधाची पावडर मिळे. दुसऱ्या गटाच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्यसेविका जाई. ती औषध देत नसे. प्लास्टिकची बाटली, खोका असल्या टाकाऊ वस्तूंची खेळणी ती नेई आणि बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, त्याला शाबासकी कशी द्यायची हे आईला दाखवी. खेळणं आठवडाभर घरी ठेवी, पुढच्या वेळी बदलून नेई. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळालं, चौथ्याला यांतलं काही नाही.

दोन वर्षं हे चाललं. दुधानं फरक पडला, खेळानंही पडला आणि दोन्ही मिळालेली मुलं सर्वांत पुढे गेली. धडधाकट मुलांच्या जवळ पोचली. पण पुढचं जास्त विचार करण्यासारखं आहे. मुलं अकरा-बारा वर्षांची झाली तोवर दुधाचा फायदा चाचण्यांत दिसेनासा झाला होता. खेळाचा टिकून होता. बावीस वर्षांच्या वयात, ज्यांच्या घरी ती सेविका जात होती त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. आठवड्याचा एक तास आणि रिकाम्या बाटल्या! पुढे बांगलादेशात, कोलंबियात आणि आपल्याकडे ओडिशातल्या कटकच्या झोपडवस्त्यांतही हीच रीत वापरून पाहिली गेली आणि मुलांच्या विकासात फरक दिसला.

याचा अर्थ अन्न नको, खेळ पुरे असा कुणी काढू नये. ग्वाटेमालाचा धडा विसरून जमैकाचा घेता येणार नाही. अन्नानं मुलाच्या अंगात विचारण्याचं बळ येतं, आणि विचारल्यावर उत्तर देणारं माणूस घरात लागतं. खरं तर आपल्या बायकांना हे केव्हापासून माहीत आहे. चिऊचा घास, काऊचा घास करत बाळाला भरवणं म्हणजे दुसरं काय आहे? एकाच वेळी पोटात भाकरी जाते, कानात शब्द जातो, आणि बाळ मान वळवून चिऊ शोधतं. आमच्या घरी दादी दखनीत भरवायची, शेजारच्या काकू मराठीत. मूल दोन्ही भाषा गोळा करतं. बोलणारं कुणी असावं लागतं, भाषा कुठलीही चालते. मी घरात दादीजवळ राहिलो, दिवसभर तिच्या गोष्टी ऐकल्या. छोटीला झोळीतून आभाळ दिसलं आणि घणाचे आवाज ऐकू आले.

मग दोष अम्माचा का? मुळीच नाही. गरिबी फक्त पैसा नेत नाही, ती आईचा वेळही नेते. आजही आमच्या भागातून हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत सुटका नाही. बाई पहाटे तीन-चारला उठते, कोपीत भाकऱ्या थापते, दिवसभर मोळ्या वाहते. बाळ फडाच्या कडेला पाचटावर. गावच्या अंगणवाडीत त्याचं नाव असतं, बाळ मात्र कारखान्याच्या तळावर. या बाईला ‘मुलाशी खेळत जा’ असा उपदेश करायला मला तरी लाज वाटेल. तिला उपदेश नको आहे. तिला कामाच्या जागी पाळणाघर हवं, बाळाला पाजायला सवड हवी, बाळाजवळ बसणारं एक माणूस हवं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद होती. कागदावरची ती बाई झाडाखाली मला क्वचितच दिसली.

हा विचार आपल्या मातीला परका नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं ही खेळणी. अंघोळ, नखं कापणं, खाऊ आणि गाणी हा अभ्यास. त्यातूनच ‘अंगणवाडी’ उभी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पण तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ती मुख्यतः वजनाचा काटा आणि घरी न्यायचं पाकीट एवढीच राहिली. या वयाच्या मुलांशी घरी खेळावं, बोलावं यासाठी केंद्रानं २०२४ मध्ये ‘नवचेतना’ नावाचा आराखडा आणला आहे. तो ताईंच्या रजिस्टरांच्या ढिगाखाली दबू नये, एवढीच इच्छा.

एका घरावरून शास्त्र सिद्ध होत नाही. छोटीचं नेमकं काय झालं, ते मला कधीच सांगता येणार नाही. हजार दिवसांनंतर मेंदूचं दार बंद होतं असंही नाही. पुढे शिकवणारं कुणी भेटलं तर मूल पुष्कळ भरून काढतं. छोटीला ते कुणी भेटलं नाही, आणि तिला मठ्ठ म्हणणाऱ्यांत मीही होतो. मी तिला हे सगळं सांगितलं, माफीही मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, ‘अम्मा को वक्तच कां था, भाई.’

ती स्वतः वीस वर्षं कोयता घेऊन गेली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून हंगामात दीड वर्षांच्या नातीला घेऊन गावातच राहते. परवा गेलो तेव्हा ती नात परात वाजवत होती, चुलीकडे धावत होती, दर मिनिटाला काहीतरी विचारत होती. छोटी भाकरी कुस्करता कुस्करता तिच्या प्रत्येक आवाजाला उत्तर देत होती. शेजारीण म्हणाली, ‘लई वांड पोरगी आहे बाई.’ छोटी हसली.

तुमच्या शेजारीही एखादं गरीब पोर असेल. कौतुक करण्याआधी ते जेवलं आहे का ते बघा, आणि आज दिवसभरात त्याच्याशी कोण बोललं, तेही विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)