विकत मिळणारे निबंध
परीक्षेतली कॉपी सगळ्यांना ठाऊक आहे. इथे अख्खा निबंधच दुसऱ्याकडून लिहून घेतला जातो. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातले विद्यार्थी संकेतस्थळावर विषय, पानं आणि मुदत भरतात. मुदत जितकी कमी, तितका दर चढा. लिहिणारा अनेकदा केनियातला पदवीधर असतो. इंग्रजी उत्तम, पण मनासारखी नोकरी नाही. मग रात्र जागून कधी नर्सिंगवर लिहायचं, कधी तत्त्वज्ञानावर. पैशाचा मोठा वाटा कंपनी आणि मधले दलाल खातात. लिहिणाऱ्याची विद्वत्ता दुसऱ्याच्या पदवीवर खर्ची पडते, हे मला यातलं सर्वांत क्लेशदायक वाटतं.

मजकूर नव्याने लिहिलेला असल्याने साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला तो सहसा सापडत नाही. आपल्याकडच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांतही प्रबंधातल्या वाङ्मयचौर्याची शिक्षा साम्याच्या टक्केवारीवरच ठरते. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये ही सेवा विकणं गुन्हा ठरवलं; विद्यार्थ्यावरची कारवाई मात्र विद्यापीठाकडेच राहिली. विद्यार्थ्याला आणखी एक धोका असतो. ‘विद्यापीठाला कळवू’ अशी धमकी देऊन पुढे निबंध विकणारी मंडळीच त्याच्याकडून पैसे उकळू शकतात.