सुपातलं धान्य, मुलांचं खेळणं

आजी सूप घेऊन ज्वारी निवडायला बसली, की तीन-चार वर्षांचं नातवंड हमखास त्यात हात घालतं. ‘सांडू नको, पलीकडं खेळ’ म्हणून त्याला हाकललं जातं. फारच रडलं तर हातात मोबाइल येतो. धाराशिव जिल्ह्यात घरोघरी दिसणारं हे चित्र. खरं तर ते सूपच उत्तम खेळणं आहे.

मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांआधी होते, असं २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. अंगणवाडीतलं पूर्वशिक्षण तिसऱ्या वर्षी सुरू होतं. म्हणजे पहिली शाळा घरच.

तिथल्या खेळाचं मोल जमैकातल्या एका अभ्यासानं दाखवलं. किंग्स्टन शहरातल्या वाढ खुंटलेल्या काही बालकांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात आणि साध्या, घरी बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळावं, बोलावं, हे आईला दाखवत. वीस वर्षांनी पाहिलं, तर हे खेळ न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त होती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत पानं, बिया, खडे अशा परिसरातल्याच वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं.

घरी काय करता येईल?

एक ते तीन वर्षं : डबे आणि त्यांची झाकणं द्या. कोणतं कशाला बसतं, हे मूल स्वतः शोधतं. वाटी, पळी, कांदा यांची नावं सांगत राहा.

तीन वर्षांपुढे : तूर आणि हरभरा मूठ-मूठ मिसळून वेगळे करायला सांगा. फरक ओळखण्याची सवय लागते आणि पुढे पेन्सिल धरणारी चिमट तयार होते. भाकरीच्या पिठाचा गोळा द्या. लहान-मोठं, गोल-लांब आपोआप कळतं. पोळ्याला मातीचे बैल करताना एक बैल त्यालाही करू द्या. गोष्ट सांगताना मध्येच थांबून विचारा, ‘पुढं काय झालं असेल?’

यात वस्तूपेक्षा बोलणं महत्त्वाचं. मुलानं काही दाखवलं, की मोठ्यांनी उत्तर द्यायचं. त्यातूनच भाषा वाढते. म्हणून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबालाही हे जमण्यासारखं आहे. कोपीवर खेळणी नसतील. पण रात्री भाकरी थापताना आई-बापाच्या गप्पा असू शकतात. दिवसभराच्या कष्टानंतर दहा मिनिटंही मोलाचीच.

ही काळजी घ्या

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती हरभरा, शेंगदाणे, मणी देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. मोठ्या मुलांजवळही कुणीतरी बसावं. दाणा अडकल्यासारखा वाटला तर घशात अंदाजानं बोट घालू नका, लगेच दवाखाना गाठा. दोन वर्षांपर्यंत मोबाइल नकोच. त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दोन वर्षं होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर ‘बोलंल की हळूहळू’ म्हणत थांबू नका. अंगणवाडी सेविकेला सांगा, डॉक्टरांना दाखवा. आणि उद्या धान्य निवडताना त्या चिमुकल्या हाताला शेजारी जागा द्या.