चवदार तळ्याचे छायाचित्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

येत्या २० मार्च २०२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने आपल्या सर्वांच्या मोबाइलवर एका विशिष्ट प्रकारची चित्रे येऊ लागली आहेत. तळ्याच्या पायरीवर बाबासाहेब वाकलेले आहेत, ओंजळीत पाणी आहे, पाठीमागे अथांग जनसमुदाय उभा आहे. कागद पिवळट, कडा झिजलेल्या, एका कोपऱ्यात पाण्याचा डागसुद्धा. खाली कोणीतरी श्रद्धेने लिहिलेले असते, 'दुर्मीळ फोटो, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.' चित्र देखणे असते यात शंका नाही. परंतु ते छायाचित्र नसते. झिजलेल्या कडा आणि पाण्याचा डागदेखील यंत्राने सांगितल्यावरून काढलेला असतो. या दोन गोष्टींतला फरक नेमका काय, आणि त्याने आपल्यासारख्या समाजाचे काय बिघडते वा घडते, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

छायाचित्राचे मूळ वैशिष्ट्य एवढेच की, जे समोर होते त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश कशावर तरी उमटलेला असतो. काचेवर, फिल्मवर किंवा आजच्या कॅमेऱ्यातील संवेदक चकतीवर. छायाचित्रकार पक्षपाती असू शकतो, चौकट निवडताना तो अर्धे जग बाहेर ठेवतो, तरीही कोणीतरी त्या जागी उभे होते एवढी ग्वाही छायाचित्र देते. चित्रे 'निर्माण' करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता अगदी वेगळ्या रीतीने चालते. तिला अब्जावधी चित्रे आणि त्यांखालील मजकूर यांच्या जोड्या दाखवलेल्या असतात. २०२२ साली खुला झालेला 'लायन-५बी' हा असा एकच संग्रह ५८५ कोटी जोड्यांचा आहे. शिकवताना प्रत्येक चित्रावर थोडे थोडे करून ठिपक्यांचे धुके चढवतात आणि ते धुके कसे उतरवायचे हे यंत्राकडून घोटून घेतात. पुढे आपण शब्द दिले की यंत्र निव्वळ धुक्यापासून सुरुवात करते आणि त्या शब्दांना साजेसा आकार दिसेपर्यंत ते विरळ करत जाते. श्रावणात पोलादपूरहून आंबेनळी घाट चढणाऱ्याला हा अनुभव ओळखीचा वाटेल: धुक्यात काहीतरी काळे दिसते आणि मन म्हणते, ते झाड असावे. फरक असा की घाटात धुके हटल्यावर तिथे खरोखर काहीतरी असते. यंत्राच्या धुक्यामागे काहीच नसते, फक्त पूर्वी पाहिलेल्या चित्रांची सरासरी असते.

म्हणूनच त्याला १९२७चे महाड मागितले, तर ते आजवर सर्वाधिक काढले गेलेले बाबासाहेब देते. निळा कोट, पिकलेले केस, कधी हातात संविधान! मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब पस्तीस वर्षांचे होते, छत्तिसावे पूर्ण व्हायला काही दिवस उरले होते, आणि संविधान सभा अजून जवळजवळ दोन दशके दूर होती. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरच्या परिषदेचे चित्र मागितले तर मंडपात बुद्धमूर्ती आणि निळे ध्वज हमखास येतात. फत्तेखान यांनी दिलेल्या जागेवर उभारलेल्या त्या मंडपात प्रत्यक्षात एकच छायाचित्र लावलेले होते आणि ते गांधीजींचे होते. हा तपशील आज आपल्यापैकी काहींना अडचणीचा वाटेल, आणि नेमक्या याच कारणासाठी तो मोलाचा आहे. १९२७ मधील चळवळ कोणाकडून कोणती अपेक्षा बाळगून होती आणि पुढील पाच वर्षांत त्या अपेक्षेचे काय झाले, हा सगळा प्रवास त्या एका तसबिरीवरून शिकवता येतो. यंत्र ती तसबीर भिंतीवरून काढून टाकते. कुणाच्या सांगण्यावरूनही नाही. त्याच्या सरासरीत ती बसत नाही म्हणून.

स्त्रियांच्या वेषाचेही तसेच. डिसेंबरच्या परिषदेनंतर बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण करून, लुगडे कसे नेसावे, कोणते दागिने टाकून द्यावेत, हे सांगितले. अस्पृश्यतेची खूण बनलेला वेष उतरवा, असा त्याचा अर्थ होता. त्यामुळे मार्चमधली स्त्री आणि डिसेंबरनंतरची स्त्री यांच्या लुगड्याच्या लांबीत इतिहास आहे. यंत्राने काढलेल्या चित्रांत मात्र सगळ्या जणी सारख्याच नेसलेल्या, आणि बहुधा पांढऱ्याशुभ्र साड्या.

मी नववीच्या वर्गाला हाच उद्योग लावतो. असे एखादे चित्र फळ्यावर दाखवायचे आणि त्यातील चुका कागदपत्रांच्या आधारे शोधायला सांगायचे. आपल्याकडे आधार भरपूर आहेत. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा १९२३चा बोले ठराव, त्यानुसार १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव, एप्रिल १९२७ पासूनच्या 'बहिष्कृत भारत'मधील वृत्तांत, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चाललेल्या दाव्याचे कागद. मुले फार लवकर तरबेज होतात. एका मुलीने विचारले होते, "सर, या चित्रात मारहाण का नाही?" प्रश्न बिनतोड होता. पाणी प्यायल्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, काहींना मुस्लिमांच्या घरांनी आसरा दिला, पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. भव्य चित्र मागणारा हे मागत नाही, म्हणून त्याला ते मिळतही नाही. वर्गासाठी या यंत्राचा यापेक्षा चांगला उपयोग मला सापडलेला नाही.

चित्रात फेरफार करण्याची विद्या मात्र नवी नाही. विल्यम जॉन्सन याने १८६०च्या दशकात मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतील पुष्कळ माणसे स्टुडिओत उभी करून टिपलेली आणि नंतर कातरून मुंबईच्या देखाव्यावर चिकटवलेली आहेत. त्याच सुमारास, १८६८ ते १८७५ दरम्यान, सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले. त्यांत छायाचित्रे खरी होती, पण बहुतेक माणसांना नाव नव्हते. खाली जात लिहिलेली, आणि त्या जातीचा स्वभाव काय, यावर साहेबांचे भाष्य. माणूस हरवून 'नमुना' उरायचा.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की तो संपलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकाने ओपनएआय कंपनीच्या यंत्रांची तपासणी प्रसिद्ध केली. 'सोरा' या चित्रनिर्मितीच्या यंत्राला दलित माणसाचे काम दाखवायला सांगितले, तर हातात झाडू घेतलेला किंवा गटारात उतरलेला, मळलेल्या कपड्यांतील काळासावळा पुरुष येत असे. ब्राह्मणाचे काम म्हटले की गोरा पुरोहित. 'दलित वर्तन' असे शब्द दिल्यावर काही वेळा कुत्र्यांची चित्रे आली. या संस्थेतून बाहेर पडलेले कोण कोण आज कुठे कोणत्या पदावर आहेत, हे या स्मरणिकेच्या पुढल्या पानांवर आहेच. त्या पानांची यंत्राला खबर नाही. दीडशे वर्षांपूर्वी निदान छायाचित्रकाराला समोर एक जिवंत माणूस उभा करावा लागत होता.

आता दुसरी बाजू. २२ जुलै २०२१च्या महापुरात महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडी येथेही घरे गाडली गेली. पैसा, धान्य, भांडी यांची मोजदाद पंचनाम्यात झाली. ओल्या चिखलात गेलेल्या अल्बमांसाठी पंचनाम्यात रकाना नसतो. आपल्या अनेक पालकांकडे आईवडिलांचा एकुलता एक फोटो होता, आणि तो चेहऱ्यावरच फुगून सुटला. कारण छायाचित्राचा वरचा थर जिलेटिनचा असतो. तो पाणी शोषून मऊ होतो आणि काचेला किंवा शेजारच्या फोटोला चिकटतो.

अशा फोटोंच्या बाबतीत कृत्रिम बुद्धिमत्ता खरोखर उपयोगी आहे. ओरखडे, डाग, बुरशीचे ठिपके ती फार सफाईने काढते. जिथे चित्र शिल्लक आहे आणि वर घाण आहे, तिथे हे काम डागडुजीचे आहे. अडचण येते ती चेहराच नाहीसा झाल्यावर. तिथे यंत्र काहीही 'परत आणत' नाही, अंदाज करते. २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या 'पल्स' नावाच्या यंत्राला बराक ओबामांचे अत्यंत अस्पष्ट चित्र दिले गेले, तेव्हा त्याने एक स्वच्छ, रेखीव, गोरा माणूस काढून दिला. अंदाज पाहिलेल्या चेहऱ्यांवरून होतो, आणि पाहिलेल्यांत गोऱ्यांची गर्दी होती. हीच गत रंग भरण्याची. आजीचा कृष्णधवल फोटो रंगीत करून आणतात तेव्हा आजी दोन छटा उजळ झालेली असते, घरचे खूश होतात, आणि उन्हात लावणी करून रापलेली तिची कातडी कायमची पुसली जाते. मला स्वतःला हा उजळपणा त्या निळ्या कोटापेक्षा अधिक खुपतो. कोट चुकला हे पुस्तकावरून सिद्ध करता येईल. आजीचा रंग आठवणारे माणूस गेल्यावर तो कोण सांगणार?

मृतांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. कंबोडियातील तुओल स्लेंग तुरुंगात ठार मारण्यापूर्वी कैद्यांची छायाचित्रे घेतली जात. २०२१ मध्ये एका कलाकाराने ती रंगवताना काहींच्या ओठांवर हसू आणले. नातेवाइकांनी आणि कंबोडियाच्या सरकारने निषेध केल्यावर ती मागे घ्यावी लागली. आपल्याकडे दरडीत गेलेल्या माणसाला चित्रफितीत बोलायला लावण्याची सोयही आता काही रुपयांत मिळते. कुटुंबाने आपल्या दुःखासाठी, घरात ठेवण्यासाठी, लेकीच्या लग्नाच्या फोटोत नसलेल्या बापाला उभे केले तर त्यात मला गैर वाटत नाही. पूर्वी स्टुडिओवाले हेच ब्रशने करत असत. पण ते चित्र घराबाहेर पडताना 'हे जोडलेले आहे' असे त्यावर लिहिलेले असावे. तसेच वसतिगृहातील मुलामुलींचे फोटो त्यांच्या आणि पालकांच्या संमतीवाचून अशा यंत्रांत कोणी घालू नयेत, मग हेतू कितीही गमतीचा असो.

कलेला मज्जाव करावा असे मात्र मी म्हणणार नाही. जर्मन छायाचित्रकार बोरिस एल्डागसेन याने २०२३ मध्ये यंत्राने काढलेले चित्र सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेत पाठवले, ते एका विभागात पहिले आले आणि त्याने पारितोषिक नाकारून सांगितले की, हे छायाचित्र नव्हे, याला वेगळी स्पर्धा हवी. भूमिका स्वच्छ आहे. महाडला पायी निघालेल्या एखाद्या अनाम कार्यकर्त्याची रात्र, किंवा रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणाने परिषदेसाठी गावोगाव केलेली पायपीट, यांचे कल्पनाचित्र मुलांनी जरूर काढावे. ज्यांच्या पूर्वजांना कोणी कॅमेऱ्यापुढे नावानिशी उभे केले नाही, त्यांना कल्पनेचा हक्क इतरांपेक्षा अधिक आहे. फक्त खाली 'कल्पनाचित्र' हा शब्द हवा. पंचशीलातील चौथे शील पाळणाऱ्यांना यासाठी वेगळा कायदा लागू नये, तरी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा चित्रांवर ठळक खूण सक्तीची करण्याच्या नियमांचा मसुदा जाहीर केला होता, हेही नोंदवतो.

या आग्रहामागे व्यवहार आहे. २०२३ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने कोलंबियातील पोलिसी अत्याचारांविषयी सांगताना यंत्राने काढलेली चित्रे वापरली. अत्याचार खरे होते. परंतु चित्रे खोटी निघाल्यावर चर्चा चित्रांचीच झाली आणि ती काढून टाकावी लागली. आपल्या इतिहासाकडे संशयाने पाहणारे आधीच पुष्कळ आहेत. एका बनावट 'दुर्मीळ फोटो'मुळे त्यांना अस्सल कागदही नाकारण्याची संधी मिळते. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकर यांनी आर्थिक झळ सोसून चित्रित केली. ती यात्रा आज आपण पाहू शकतो याचे कारण त्या दिवशी कोणीतरी कॅमेरा घेऊन त्या गर्दीत उभे होते. त्या फिल्मच्या शेजारी तितकेच दाणेदार, तितकेच करडे बनावट दृश्य ठेवले गेले, तर तोटा फिल्मचा होतो.

या स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठीही एका हितचिंतकाने तळ्याचे असेच एक सुंदर चित्र पाठवले होते. संपादक मंडळाने ते आतल्या पानावर, विद्यार्थ्यांच्या चित्रांबरोबर, कल्पनाचित्र म्हणून घेतले आहे. मुखपृष्ठावर आजच्या तळ्याचे साधे छायाचित्र आहे, घेणाऱ्याचे नाव व तारीख आत दिली आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. शताब्दीनिमित्त शाळा परिसरातील कुटुंबांची जुनी छायाचित्रे जमा करत आहे. फोटो पुरात खराब झालेला असला तरी आहे तसाच आणावा; दुरुस्त केलेली प्रत असेल तर तीही आणावी, पण मूळ फोटो टाकू नये. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, फ्रेमसकट आणावा. पुन्हा कधी फोटो भिजले, तर एकमेकांना चिकटून वाळण्याआधी स्वच्छ थंड पाण्यात अलगद सोडवून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत सुकवावेत. मागे माणसांची नावे, गाव आणि अंदाजे साल लिहावे. बॉलपेन दाबून लिहिले की रेघ पुढच्या बाजूला उमटते, तेव्हा मऊ पेन्सिल वापरावी.