पेरणारा आणि देवणीची तिफण

मराठी माणसाला दृष्टान्त काही नवा नाही. चक्रधरस्वामींचे दृष्टान्त केशिराजबासांनी 'दृष्टान्तपाठा'त गुंफून ठेवले आहेत. येशू ख्रिस्तही लोकांना अशाच गोष्टींतून उपदेश करी. त्या गोष्टी पुढे युरोपातल्या चित्रकारांच्या हाती पडल्या आणि रंगांत उतरल्या.

त्यांतला पेरणाऱ्याचा दृष्टान्त पाहा. बी वाटेवर पडले, ते पाखरांनी टिपले. खडकाळीवर पडले, ते उगवून करपले. काट्यांत पडले, ते घुसमटले. चांगल्या जमिनीत पडले, ते तीसपट, साठपट, शंभरपट आले. फ्रान्समधल्या मिले या शेतकऱ्याच्या मुलाने १८५० साली 'पेरणारा' रंगवला. बियांची झोळी घेतलेला, उतारावरून ढांगा टाकीत बी उधळणारा साधा कुणबी! पुढे १८८८ मध्ये व्हान गॉगने त्याच्याच प्रेरणेने आपला पेरणारा तळपत्या सूर्यापुढे उभा केला. दोघांच्याही चित्रांना नाव नुसते 'पेरणारा'. पण पाहणाऱ्याला दृष्टान्त आठवल्यावाचून राहत नाही.

मिलेच्या चित्राची छापील प्रत मी देवणीला आमच्या चुलत्यांना दाखवली. त्यांचे सारे आयुष्य तिफणीमागे गेलेले. ते म्हणाले, "असं फोकल्यावर पाखरं खाणारच की! चाड्यावर मूठ धरायची सोडून ह्यो काय करतोय?"

मी गोष्ट सांगितली. ज्याच्या नशिबी दुबार पेरणी आली आहे, त्याला वाया गेलेल्या बियाण्याचे दुःख समजावून द्यावे लागत नाही. जरा वेळाने ते म्हणाले, "खडकालासुद्धा नाही म्हणला नाही गडी. लई मोठ्या मनाचा असंल."

आपण जमिनीची प्रत पाहतो. त्यांनी पेरणाऱ्याची मूठ पाहिली!

परक्या देशची गोष्ट अशी आपल्या मातीत रुजते. गोव्यात जन्मलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी हेच केले. शांतिनिकेतनात शिकून ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि त्यांनी मरियेला साडी नेसवली. सनातनी ख्रिस्ती मंडळी रागावली; फोन्सेकांचा कुंचला थांबला नाही.

मिलेच्या चित्रातही दूर कोपऱ्यात एक बैलजोडी आहे. आपल्या एखाद्या चित्रकाराने ती पुढे आणावी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेले देवणी बैल, काळे रान, मागे तिफण. चाड्यावरची मूठ मात्र जराशी सैल असावी. बांधावरच्या खडकालाही चार दाणे मिळावेत.