कॅसेटीतला आवाज

लग्नसराई लागली की धानोऱ्यात माझी तिहेरी धांदल होते. आठवडाभर कार्यालयातली फाईल, संध्याकाळी विहारात भीमगीतांच्या मंडळात पेटी, आणि रविवारी कुणाच्या तरी मंगल परिणयात खांद्यावर कॅमेरा. आपला विधी लवकर आटोपतो. त्रिशरण-पंचशील झाले, प्रतिज्ञा झाल्या, हार पडले की संपले. फोटो हुकला तर बौद्धाचार्य पुन्हा थोडेच म्हणणार!

आमच्या मंडळाचे ज्येष्ठ गायक स्वतः रचून गायचे. वामनदादा कर्डकांची (1922–2004) गाणी छापून आली. यांची साधी वहीही नव्हती. गेल्या पावसाळ्यात ते गेले. मुलीने विचारले, "दादा, बाबांचा आवाज कुठं सापडंल का?"

जुन्या व्हीएचएस कॅसेटी काढल्या. काहींना दमट हवेने बुरशी. बाकीच्यांत ते गाताना दिसतात, पण ऐकू येते ते सिनेमाचे गाणे. मिक्सिंगमध्ये मूळ आवाज मीच काढायला लावायचो. लोकांना तेच आवडे.

एकच कॅसेट निघाली, ज्या घरी मिक्सिंगला पैसे नव्हते ती. मध्ये लेकरू रडते, कुणी भात वाढायला हाक मारते, पण आवाज त्यांचाच. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही 2016 मध्ये उत्पादन थांबवले, म्हणून जुने यंत्र शोधून नक्कल केली आणि मुलीला पेनड्राइव्ह दिला.

धम्मबांधवांनो, मिक्सिंग न केलेली कॅसेट कुणाच्या पेटीत असेल तर विहारात आणून द्यावी.