दृढीकरण-वर्ग

ख्रिस्ती धर्मातील दृढीकरण हा संस्कार घेऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींना दिले जाणारे पूर्वशिक्षण. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलाच्या वतीने श्रद्धेची वचने आईबाप व धर्मपालक उच्चारतात. ती त्याने जाणतेपणी स्वमुखाने उच्चारावीत, हा या वर्गाचा हेतू होय. संस्काराचे मूळ ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात दाखवितात : शोमरोनातील बाप्तिस्मा झालेल्यांवर पेत्र व योहान यांनी हात ठेवले आणि त्यांना पवित्र आत्मा लाभला.

पौर्वात्य चर्चमध्ये तैलाभ्यंग बाप्तिस्म्यालगतच होत असल्याने अशा वर्गाचा प्रश्नच उद्‌भवत नाही. पश्चिमेकडे हा अधिकार मुख्यतः बिशपकडे राहिल्यामुळे दोन्ही संस्कारांत वर्षांचे अंतर पडले आणि त्या अंतरात शिक्षणाला जागा मिळाली. प्रॉटेस्टंट सुधारकांनी दृढीकरणाला संस्काराचा दर्जा नाकारला; तथापि प्रश्नोत्तरीच्या आधारे तरुणांना शिकविण्याचा आग्रह त्यांनीच धरला. कॅथलिक विधीची सांप्रतची मांडणी पोप सहावे पॉल यांनी १९७१ मध्ये लावून दिली. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार जाणतेपणाचे वय हे सर्वसाधारण वय असले, तरी बिशप-परिषदांना वेगळे वय ठरविता येते. त्यामुळे देशोदेशी सात ते सोळा-सतरा असा फरक आढळतो.

वैतरणा नदीच्या दक्षिणेस वसई भागात कॅथलिक वस्ती पोर्तुगीज अमलापासूनची (१५३४–१७३९) आहे. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) येथील उपासना मराठीत आली, परंतु घरची बोली सामवेदी किंवा वाडवळी आणि शाळा पुष्कळदा इंग्रजी माध्यमाची, असे अनेक मुलांचे असते. ‘कृपा’, ‘अभिषेक’ हे शब्द त्यांना पाठ असतात, पण आपले वाटत नाहीत. पवित्र आत्म्याची सात दाने केवळ घोकून घेतल्यास वर्गाची परीक्षा होते, तयारी होत नाही. सुबोध म्हणजे काय हे शेतजमीन विकण्याचा प्रश्न घरात निघाला असता, आणि धैर्य म्हणजे काय हे मित्रमंडळींत दारूला नकार देताना कसे कळते, अशा वाटेने गेलेले शिक्षण टिकते.

नदीच्या उत्तरेस चित्र निराळे आहे. डहाणू परिसरात काम केलेल्या ब्रदरन मिशनच्या परंपरेत बाप्तिस्माच जाणत्या वयात, श्रद्धा प्रकट केल्यावर देत. १९७० मध्ये हे चर्च ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त सामील झाले. या संयुक्त चर्चने बालकांचा व प्रौढांचा, असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले. बोईसर-तारापूरच्या उद्योगांमुळे परप्रांतीय कुटुंबेही आली. सिरो-मलबार परंपरेत दृढीकरण आज बाप्तिस्म्याबरोबरच होते आणि हा संस्कार पुन्हा देता येत नाही. म्हणून वर्गात नाव घालण्यापूर्वी बाप्तिस्म्याची नोंद पाहणे अगत्याचे ठरते.

विवाहापूर्वी, मोठी अडचण नसल्यास, दृढीकरण झालेले असावे, असे धर्मसंहिता सांगते. यामुळे पालकांना कधीकधी दाखल्याचीच घाई असते आणि दाखला हाती आल्यावर मुले चर्चमधून दिसेनाशी होतात, ही अनेक देशांतील धर्मशिक्षकांची तक्रार आहे. परंतु उमेदवाराने बाप्तिस्म्याची वचने स्वतः नव्याने द्यावयाची असतात, हे ध्यानात घेतल्यास ‘अजून नाही’ म्हणण्याची मोकळीक त्याला वर्गात मिळाली पाहिजे. शंका विचारणाऱ्या मुलाला गप्प बसविणारा शिक्षक या वचनांचे मोलच घालवितो. बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपालकच शक्यतो दृढीकरणालाही उभा राहावा, अशी धर्मसंहितेची अपेक्षा असल्याने त्यालाही वर्गाच्या काही बैठकांना बोलाविणे इष्ट असते.